अरालीची पांढरी जीभ

र्वाबुहिंगा हे त्याचं खरं नाव, पण युगांडातल्या आमच्या तोरो मुलखात मोठ्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत. मानाचं टोपणनाव घेतात. त्याचं होतं अराली. फोर्ट पोर्टलच्या आसपास कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं, की मुलीकडचा बोलका म्हणून अरालीला बोलावणं यायचं. वरपक्षाची फिरकी घ्यायची, त्यांनी मुलीसाठी द्यायच्या गाईंचा आकडा वाढवायचा, सगळ्यांना हसवायचं आणि शेवटी मुलगी द्यायची, हे त्याचं काम. त्याच्या शेजारी राहून मी ते वर्षानुवर्षं ऐकत आलो.

लग्नसराईच्या तोंडावर त्याची दाढ सुजली. दाढ काढायची तर काही दिवस बोलता येणार नाही, म्हणून त्यानं औषधाच्या टपरीवरून लाल-पिवळ्या कॅप्सूल आणल्या. सूज उतरली. थोड्या दिवसांनी पुन्हा आली, त्यानं पुन्हा आणल्या. असं बरेचदा झालं. मग दुखणं थांबलं, पण जिभेवर पांढरे ठिपके उठले. गालाच्या आत दही चिकटल्यासारखं दिसू लागलं. नाचणीचा गोळा तोंडात माती लागायचा, रश्शानं आग व्हायची. औषध कमी पडलं असेल असं समजून त्यानं आणखी कॅप्सूल घेतल्या. ठिपके घशाकडे सरकले.

रुतेते गावातल्या लग्नात तो ओठ मिटून बोलत होता. वरपक्षाच्या बोलक्यानं चिमटा काढला, ‘‘आज अरालींनी तोंडात दूध धरलंय. सांडेल म्हणून बोलत नाहीत.’’

मांडव हसला. अरालीही हसला, आणि त्याची जीभ पुढच्या रांगेला दिसली. हसू तिथून मागेमागे विझत गेलं. पांढरं तोंड आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एड्सनं गेलेल्या आपल्याच माणसांचं.

पुढच्या लग्नाला दुसरा बोलका ठरला. बायकोनं, अबवोलीनं, आपली चटई मुलींच्या खोलीत नेली. तिनं भांडण केलं नाही, एवढंच विचारलं, ‘‘कुठे गेला होतात, खरं सांगा.’’

‘‘लग्नांना,’’ तो म्हणाला. ‘‘तूच तर माझे सदरे धुतेस.’’

खरं तर त्यालाच काही कळेना. आपण कुठे चुकलो, हे तो आठवून आठवून थकला. जे केलं नाही तेही केलं असेल, असं वाटू लागल्याचं त्यानं मला सांगितलं.

अखेर अबवोलीच त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. दोघांचं रक्त तपासलं. दोघांनाही तो रोग नव्हता. मग हे काय? तिथल्या नर्सबाईंनी साखरही तपासली, तीही ठीक निघाली. काय काय औषध घेतलं, असं विचारल्यावर त्यानं खिशातून कॅप्सूलची रिकामी पाकिटं काढली.

बाई म्हणाल्या, ‘‘या गोळ्यांनी वाईट जंतू मेले, तसे तोंडातले चांगलेही मेले. बुरशीला हे औषध लागू पडत नाही. तिला मोकळं रान मिळालं.’’

‘‘बुरशी?’’ अराली म्हणाला. ‘‘ती पावाला येते. मी तर जिवंत आहे.’’

‘‘प्रत्येकाच्या तोंडात थोडी असतेच. तुमच्याकडे माजलीय.’’

कॅप्सूल बंद झाल्या. तोंडात घोळवून मग गिळायचं पिवळं औषध मिळालं. दाढही काढली. हळूहळू जीभ लाल झाली, चव परतली. खात्रीसाठी पुढे पुन्हा रक्त तपासलं, तेव्हाही तेच आलं. अबवोलीनं चटई परत आणली.

लग्नाची बोलावणी मात्र थोडीच येतात. लोकांना तपासणीचं सांगितलं तर ते मान डोलावतात आणि दुसऱ्याला बोलावतात. परवा कुंपणापाशी अरालीनं मला विचारलं, ‘‘औषधानं मी बरा झालो की आजारी पडलो?’’

मी म्हटलं, दोन्ही. त्यानं कुंपणाची कललेली काठी सरळ केली. मग म्हणाला, ‘‘हे मी मांडवात कसं सांगू?’’