खुन्याने रोवलेला खांब

२०१६ची दिवाळी सरली आणि जाळ्यावरून झालेल्या भांडणात माझ्या मोठ्या भावाने होडीवरच्या सोबत्याला कोयत्याने मारलं. माणूस जागीच गेला. भावाला पोलिसांनी नेलं, मागे उरलो आई नि मी. बातमी मात्र डहाणूहून रिक्षाने चारोटीला आणि तिथून हायवेच्या बसने तलासरीला गेली. तलासरीत पोचेपर्यंत मेलेले सात झाले होते आणि कोयत्याला धार म्हणे मीच लावून दिली होती!

आई मेलेल्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथून हाकलली गेली. भावाला भेटायला मात्र गेली नाही. "त्याचं तोंड नको मला," एवढंच.

बोंबील कोणासाठी थांबत नाहीत. जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने ते दोरीवर वाळत घालायचे, त्यावर वर्षभर जगायचं. आमच्या किनाऱ्यावर खांबांची एकच लांब रांग, शेजारणीच्या दोरीला शेजारणीची दोरी. एका सकाळी बघतो तर आमचीच दोरी कापलेली. बोंबील वाळूत, कावळ्यांचं लग्न लागलेलं.

शेजारची काकी कमरेवर हात ठेवून उभी. ही बाई बोलायला लागली की भरतीसुद्धा दोन पावलं मागे सरकते.

"खुन्याच्या घरची मासळी आमच्या दोरीला लागायला नको!"

मागे दहा-बारा बाया, माना अशा हलत होत्या की वारा सुटला. परवापर्यंत आमच्या घरचा चहा पिणाऱ्या ह्या बाया! एकीची जीभ गळून पडली नाही.

आई रांगेच्या टोकाला गेली. तिथला जाड खांब सगळ्या दोऱ्यांचा ताण धरून होता.

"हा कोणी रोवला गो?"

काकीने पदर कमरेला खोचला.

"अख्ख्या वाडीत कोणाला जमेना, म्हणून माझ्या पोराला बोलावलंस ना? त्याच हातांनी रोवलाय त्याने. मग तुमचे बोंबील विटाळायला नकोत!"

आणि आईने गाठ सोडली. पहिली दोरी बसली, मग दुसरी, मग साऱ्या वाडीचे बोंबील वाळूत लोळले. पार गुजरातेतल्या उंबरगावच्या बायांनीसुद्धा म्हणे तिकडून ओरडून विचारलं, "आमचे कोणी पाडले?"

शिव्या तर अशा बरसल्या, की गोळा केल्या असत्या तर होडी भरली असती. पण डोक्यावर ऊन चढलं, मासळी वास मारू लागली आणि काकी दोरी घेऊन आली. आधी स्वतःची बांधली, मग आमची. आमची गाठ अशी आवळली, जशी आईच्या गळ्याभोवतीच.

"पुढच्या हंगामाला दुसरा खांब रोवू," ती फणकारली.

"रोव की. बोलव कोणाला बोलवायचं ते."

२०१९ उजाडलं तरी काकी आमच्याशी बोलत नव्हती, आणि खांब तोच होता. हंगामाच्या आधी आई एकटीच तिथे जायची. हात लावायची नाही. टाचेने बुडाशी वाळू दाबायची, भाऊ दाबायचा तशी, घट्ट.