राजाची तसबीर आणि मालकांची लिफ्ट

आजही ती घटना आठवली की माझं डोकं तापतं. मी तेव्हा मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो. उंच इमारतीत राहणारे एक बडे गृहस्थ तक्रार द्यायला आले. त्यांच्या दिवाणखान्यातली तसबीर गेली होती. युरोपातल्या कुठल्याशा राजाची, पाचेकशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, जाड लाकडी चौकटीतली. संशय कुणावर, हे मी विचारायच्या आधीच उत्तर तयार होतं.

"कामवाली बाई. दुसरं कोण? दोन ठेवून द्या, लगेच कबूल होईल."

सोबत सोसायटीने दिलेलं सीसीटीव्हीचं चित्रीकरणही आणलं होतं. मी गुन्हा नोंदवला आणि महिला शिपायाला घेऊन बाईच्या मानखुर्दच्या घरी गेलो.

"साहेब, त्या राजाची काच मीच पुसायची," बाई म्हणाली. "मेला सारखा डोळे वटारून बघायचा. त्याला घरी आणून काय आरती करू?"

शिपाई हसली, पण बाईला रडू आवरेना. मालकांनी तिला गेटवर सगळ्यांदेखत चोर म्हटलं होतं. त्या इमारतीतली तिची चारही कामं त्याच दिवशी सुटली होती.

"काम मिळेल हो दुसरं. पण हे नाव घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?"

ठाण्यात येऊन चित्रीकरण पाहिलं. कामवाल्या बाया, इस्त्रीवाला, दूधवाला. घरमालक एकही दिसेना! ही माणसं काय उडत घरी जातात? मग लक्षात आलं. आम्हाला फक्त नोकरांच्या लिफ्टचं चित्रीकरण दिलं होतं. सेक्रेटरीला फोन केला, तर म्हणतो, "साहेब, चोर त्याच लिफ्टने जाणार ना?" वा रे शहाणे!

मालकांच्या लिफ्टचं चित्रीकरण पंचनामा करून ताब्यात घेतलं. चादरीत गुंडाळलेली चौकट काखेत मारून तक्रारदारांचे चिरंजीव खाली उतरत होते. समोर बसवल्यावर त्यांनी फार वेळ घेतला नाही. तसबीर परस्पर विकायची होती. ती पवईला त्यांच्या मित्राकडे सापडली.

आता गृहस्थांचा सूर बदलला. "घरातलंच प्रकरण आहे साहेब, मिटवून टाका ना. बाईला देतो काहीतरी." चिरंजीवांना दोन ठेवून द्या, असं काही ते म्हणाले नाहीत!

"प्रकरणाचं काय ते कोर्ट बघेल," मी म्हटलं. "आधी बाईला भेटा."

बाईला पैसे नको होते. "गेटवर चोर म्हणालात ना? तिथंच येऊन नाही म्हणा."

गृहस्थ आले. मान खाली घालून इंग्रजीत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाली. "मोठ्यानं म्हणा."

"ही चोर नाही," असं त्यांना मोठ्याने म्हणावंच लागलं. जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कुणी पुरावा हातात आणून दिला की मी पहिल्यांदा विचारायचो, काय आणलं नाही ते सांगा. तपासापुरता हा धडा कामाला आला. पण त्या चार घरांपैकी एकानेही बाईला परत बोलावलं नाही. तिथल्या एका बाईसाहेबांना मी सरळ कारण विचारलं.

"चोर नाही हो ती. पण जिच्या घरी पोलीस जाऊन आले, तिला कामाला कशी ठेवायची?"

"पोलीस तर तुमच्या शेजाऱ्यांकडेही आले होते," मी म्हटलं.

त्यांनी दार लावून घेतलं.