यादीत नसलेला जिल्हा

माझी धाकटी बहीण परदेशात असते. तिच्याकडे एकदा जाऊन यावं, असं आईनं शहाऐंशीव्या वर्षी मनावर घेतलं आणि कागदपत्रांसाठी जन्माचा दाखला हवा झाला. तिच्या जन्माची नोंद कुठेच सापडेना. होता तो शाहपूरच्या मराठी शाळेतला चौथी पास झाल्याचा कागद, घडीवर फाटलेला, चिकटपट्टीनं जोडलेला.

तो घेऊन आम्ही दोघी बुरहानपूरच्या लालबागेतल्या आमच्या घरून रिक्षानं कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाबूनं कागद वाचला, कॉम्प्युटरवर काही शोधलं आणि म्हणाला, "माताजी, ये जिला तो लिस्ट में है ही नहीं."

कागदावर होतं : जिल्हा निमाड, मध्यप्रांत व वऱ्हाड. तेव्हा तेच नाव होतं, हे मी त्याला समजावलं.

"होगा. पर अभी तो नहीं है ना?" मग त्यानं दुसरी खोट काढली. शाळेच्या कागदावरचं नाव वेगळं, आधार कार्डावरचं वेगळं. "ये तो कोई दूसरी लेडीज हैं. शपथपत्र लगेगा."

आईला कमी ऐकू येतं. "काय बोलून राहिला तो?" तिनं मला विचारलं. तू तू नाहीस असं म्हणतोय, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

आईचं नाव लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात वडिलांनी अंगठीनं नवं नाव काढलं आणि तिनं ते मुकाट्यानं घेतलं. एवढाच तिचा गुन्हा. आणि इकडे सरकारनं काय केलं? प्रांताचं नाव बदललं, राजधानी नागपूरहून भोपाळला नेली, वऱ्हाड दुसऱ्या राज्यात गेलं, आमचा जिल्हा आधी खंडव्याचा झाला, मग बुरहानपूरचा. हद्दी बदलल्या, भाषा बदलली. तरी देश तोच, असं शाळेत आम्ही शिकलो आणि पुढे मी स्वतः तीस वर्षं मुलांना शिकवलं. ते खरंच आहे असं मला आजही वाटतं. पण मग देशाला कुणी म्हटलं का, की आधी तू तोच असल्याचं शपथपत्र आण? ते आणायचं एका म्हाताऱ्या बाईनं, जी या सगळ्यात शाहपूरहून लालबागपर्यंतच काय ती सरकली!

माझा आवाज चढला. रांगेतले लोक बघायला लागले. बाबू शांतपणे म्हणाला, "मॅडम, नोटरी करा के लाइए."

कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली एक वकील बसतात. त्यांनी टाइप करून दिलं, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. आईनं चष्मा लावून हिंदीतला तो मजकूर अक्षर न अक्षर वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"माझं एकटीचंच काहून लिहिलं? निमाड अन् हा जिल्हाबी एकच आहे, तेबी लिहा."

"आजी, त्याची गरज नाही," वकील हसून म्हणाले.

"मग माझी सही बी नाही."

पाऊण तास आई हलली नाही. शेवटी वकिलांनी वैतागून ते वाक्य घातलं, तेव्हा तिनं सही केली. कचेरीत तो कागद कुणी वाचलासुद्धा नाही. नुसता शिक्का मारला.

महिन्यानं दाखला आला. जन्मस्थान : बुरहानपुर.

"शाहपूर कुठं गेलं?" आईनं विचारलं. मी तडक कचेरीत गेले. बाबू म्हणाला, सिस्टम जिल्ह्याचंच नाव उचलते, काय फरक पडतो? मला त्या खिडकीवर दोन्ही हात आपटावेसे वाटले. फरक नाही? मग माझ्या आईच्या दोन नावांत कसा पडला होता?

दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. तीनदा जाऊन आले, चौथ्यांदाही जाईन. आईनं मात्र जाणं रद्द केलं. "खोट्या गावाचा कागद घेऊन मी इमानात बसत नाही," म्हणाली. आता दिवाळीत बहीणच इकडे येते आहे.