पाल्याच्या पाट्या

विद्यापीठाने पर्यावरणाबाबत दिलेली वचने किती पाळली गेली, हे मोजायच्या समितीत माझी नेमणूक झाली. तक्ता घेऊन मी सकाळी कंटाळतच झाडं मोजायला निघालो. ग्रंथालयापाशी आमच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या शांताबाई वेताच्या पाटीत पाला गोळा करत होत्या.

"सर, मोजत कशाला बसताय? मला विचारा की," त्या म्हणाल्या. "हा कडुनिंब म्हणजे रोजच्या दोन पाट्या. पलीकडचा शिरीष चार."

माझा कंटाळा कुठल्या कुठे पळाला. झाड जगतंय याचा याहून सच्चा पुरावा कोणता? पान गळायचं तर ते आधी यावं लागतं. इतकी वर्षं मी इथे शिकवतोय, पण हे माप मला कधी सुचलं नव्हतं. मी अधीर होऊन तक्त्यातली एकेक जागा वाचत सुटलो आणि शांताबाई तिथल्या पाट्या सांगत गेल्या.

"वसतिगृहामागचं नवं वन?" गेल्या अहवालात तिथे पाचशे झाडं होती.

"तिकडं मी झाडू नेतच नाही. पालाच पडत नाही." मग म्हणाल्या, "परवा मात्र एका करंजाखाली चार पानं दिसली. झाडली नाहीत मी, राहू दिली."

आम्ही दोघं जवळजवळ पळतच गेलो. करंज माझ्या खांद्याला लागत होता, आणि खाली ती चार पानं तशीच पडलेली होती. मी पाचशेवर काट मारली आणि शेजारी भल्यामोठ्या अक्षरात लिहिलं: एक.