भाईदासची सुरती शिकेकाई

आमच्या तळोद्यात भाईदास नावाचा एक दीडशहाणा होता. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातल्या भिल्लिणी शिकेकाई घेऊन त्याच्या ओट्याखाली उभ्या राहायच्या. त्यांना ओट्यावर चढू देईल तर तो भाईदास कसला. बायको मंगलाबाई शिकेकाई कुटायची, हा गुलाबी कागदात पुड्या बांधायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "सुरतनी शे, बाई. आठली जंगली नही." हे इतकी वर्षं सांगितलं, की शेवटी त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं.

लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा घरच्या शिकेकाईनं तिला न्हाऊ घालणं त्याला कमीपणाचं वाटलं. हा शहाणा नंदुरबारहून आगगाडीत बसून थेट सुरतेला गेला. तिथल्या दुकानदारानं पिवळ्या कागदातली पुडी पुढे केली आणि मोठ्या दिमाखात सांगितलं, की ही खास सातपुड्यातली आहे, तळोद्याकडच्या भिल्लिणी जंगलातून गोळा करतात.

भाईदासनं तिप्पट भाव मोजून ती घेतली. घरी आल्यावर मंगलाबाईपुढे पुडी ठेवून म्हणाला, "देख, इले म्हनतस सुरतनी शिकेकाई."