एक पेशंट म्हणजे साथ नव्हे!

सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडं औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं तरी मधूनमधून संपतात!

मी औशाकडच्या एका आरोग्य केंद्रात कंपाउंडर होतो. जिल्हा नुकताच नवा झालेला आणि त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या, गावोगाव टँकर सुरू झाले. कॉलरा-गॅस्ट्रोची साथ येणार म्हणून वरच्या ऑफिसातून रोज एक परिपत्रक यायचं. तयारी करा! करायलाच पाहिजे, कोण नाही म्हणतो? पण त्या तयारीपायी रोजच्या पेशंटचं जे झालं, ते आठवलं की आजही डोकं फिरतं.

*

पहिल्यांदा सलाइनची खोकी आली. कपाटात ठेवून वर लाखेचं सील. "साथीसाठी राखीव."

त्याच आठवड्यात एक बाई तीन वर्षांच्या पोरीला घेऊन आली. जुलाबानं पोरगी पार सुकलेली, डोळे आत गेलेले. नेहमीच्या सलाइन संपल्या होत्या. आमचे डॉक्टर नवीन, वरच्यांना घाबरून असायचे. त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला.

"एक पेशंट म्हणजे साथ नव्हे," साहेब म्हणाले. "चार-पाच तरी पाहिजेत."

आमच्या कांबळे सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग बाकीचे चार गावात जाऊन आजारी पाडून आणू का?" आणि कात्री घेऊन सील तोडलं.

पोरगी वाचली. सिस्टरला मेमो आला, सील का तोडलं? पोरगी कशी आहे, ते कुणीच विचारलं नाही!

*

मग जीप. टाकी फुल्ल, पण जागची हलवायची नाही. साथ आली की लगेच निघता यावं म्हणून!

तांड्यावरची एक बाई बैलगाडीतून आली. पोटात मूल आडवं, मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं. इस्माईलभाई ड्रायव्हर चावी घेऊन पळत आला. डॉक्टरांनी परवानगीसाठी फोन केला. साहेब मीटिंगमध्ये!

इस्माईलभाई भडकला. "ही जीप हाय का पुतळा? पुसायचा, हार घालायचा, हलवायचा न्हाई!"

शेवटी तिला एसटीनं पाठवलं. बाई वाचली, मूल गेलं.

पुढं साहेब आले, लॉगबुक चाळलं. एका किलोमीटरचीही नोंद नाही. म्हणाले, "व्हेरी गुड. शिस्त आहे."

इस्माईलभाई त्या दिवशी जेवला नाही.

*

लसीकरणाच्या दिवशीच सिस्टरला साथीच्या ट्रेनिंगला बोलावलं. एकदा नाही, लागोपाठ तीनदा! टँकरच्या रांगेतली घागर सोडून बाया पोरं काखेत घेऊन यायच्या आणि कुलूप बघून परत जायच्या. एक तर म्हणाली, "पाणी बी गेलं अन् सुई बी गेली. आता न्हाई येत मी."

मग साथ आली. खरीखुरी! गोवराची. वाडीतली दोन लेकरं गेली.

मी धावत फोन लावला. पलीकडचा क्लार्क शांतपणे म्हणाला, "तक्त्यात कॉलरा आणि गॅस्ट्रोचेच रकाने आहेत. गोवर कुठं लिहू?"

*

टीबीच्या गोळ्या दोन महिने आल्याच नाहीत. मागणी पाठवली की उत्तर ठरलेलं, "सध्या इमर्जन्सीला प्राधान्य."

विठ्ठल नावाचा पेशंट खडी फोडायच्या कामावर होता. दर सोमवारी दोन कोस चालत यायचा. मी त्याला ते उत्तर वाचून दाखवलं. तो खोकला थांबेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला.

"म्हंजी खोकतोय तवर माझी इमर्जन्सी न्हाई," तो म्हणाला. "मग कवा येऊ, तेवढं सांगा."



*

आणि मग ती तयारीची तपासणी! जिल्ह्याहून साहेब येणार, साथीचे पेशंट कसे सांभाळता ते करून दाखवायचं. त्यासाठी खोटे पेशंट हवेत आणि कॉटा तर सगळ्या भरलेल्या. ऑर्डरच होती, कॉटा रिकाम्या करा. खऱ्या पेशंटना व्हरांड्यात सतरंजीवर काढलं. सिस्टर भांडल्या. "ही बाई बाळंतीण हाय, तापानं फणफणलीय!" डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "तासाभराचा प्रश्न आहे, सिस्टर."

गावातली आठ-दहा माणसं झोपवली. एक कमी पडला, म्हणून व्हरांड्यात बसलेल्या एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणला, आडवा केला, मनगटाला सलाइनची नळी चिकटवली.

साहेब आले. पांढऱ्याशुभ्र चादरी बघून खूश झाले. म्हाताऱ्याच्या कॉटपाशी थांबले आणि मोठ्या मायेनं विचारलं, "काय होतंय, आजोबा?"

म्हातारा उठून बसला.

"मला काय बी न्हाई झालं, साहेब. झालंय ते माझ्या सुनंला. ही कॉट तिची हाय."