खरवडलेला नंबर

बैलजोडी देऊन मोटार घेणारा माणूस बाळापुरात तोवर कुणी पाहिला नव्हता. तो निघाला माझा नवरा.

मोटार तरी धड कुठली? डोंगरकड्याच्या एका जमीनदाराच्या गोठ्यात ती पडून होती. इंजिन, खालचा सांगाडा आणि चाकं, वर काहीच नाही. त्यात कोंबड्या अंडी घालत. सडकेचं काम संपवून जाताना कुणा गुत्तेदाराने ती जमीनदाराच्या गळ्यात घातली होती, त्याने ती आमच्या गळ्यात घातली. यांनी आणि शेजारच्या लोहाराने मिळून ती उभी केली. बाभळीच्या फळ्यांचा साटा बांधला, बाकं ठोकली, वर ताडपत्री टाकली. हिंगोलीला माणसं न्यायची आणि त्यावर घर चालवायचं, असा बेत होता. इंजिन सुरू झालं त्या दिवशी अर्धं गाव आमच्या दारात होतं.

पण सरकारी नंबर मिळाल्याशिवाय मोटार सडकेवर चालवायची नाही, असा कायदा. म्हणून मोटारीला शेजाऱ्याचे बैल जुंपले आणि ती ओढत हिंगोलीच्या कचेरीत नेली. मीही गेले. यांना चार माणसांत बोलणं जमत नाही, आणि लोहार नको तेवढं बोलतो. वाटेत भेटेल तो विचारी, "बैलच ओढतेत तर मोटार काहून केली?" लोहार प्रत्येकाला थांबून उत्तर देत होता.

कचेरीतल्या साहेबाने मोटारीभोवती एक फेरी मारली, इंजिनावरचं झाकण उघडलं आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"इंजन का नंबर किसने मिटाया?"

लोहार पुढे झाला. "मैंने साहब. एकदम साफ किया."

हे तो बक्षीस मिळेल अशा आवाजात बोलला. त्यालाही दोष देता येत नाही. आमच्याकडे बाजारातून जुनी घागर आणली की तिच्यावर कोरलेलं नाव आधी घासून काढायचं. तसंच ठेवलं तर पाणवठ्यावर बायका विचारतात, कुणाच्या घरची उचलून आणली गं? जुन्या कुऱ्हाडीवरची, जुन्या गाडीवरची खूण काढायची तीही याचसाठी. इंजिनावर दुसऱ्याचा नंबर दिसला, तो या दोघांनी कानशीने घासून गुळगुळीत केला. चोरीचा आळ येऊ नये म्हणून.

साहेबाच्या लेखी नंबर घासतो तो चोर. त्याने मोटार कचेरीच्या आवारात लावून घेतली. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत आधीचा मालक समोर उभा करा, नाहीतर मोटार जप्त आणि तुम्ही दोघे आत, असं सांगून तो जेवायला निघून गेला.

घरी आल्यावर यांनी भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. मृग तोंडावर आलेला. गोठ्यात बैल नाहीत, दारात मोटार नाही. सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने देवाला सांगत होत्या, की बैल देताना सुनेने आडवं यायला हवं होतं. मी आडवी आले होते, पण ते आता सांगून उपयोग नव्हता. यंदा रान पडीक राहिलं तर पोरांना खायला काय घालायचं, एवढाच विचार डोक्यात होता. भाकरी थापताना दोनदा मोडली.

दुसऱ्या दिवशी गावातली एक गाडी डोंगरकड्याला निघाली होती, तिच्यात बसले.

जमीनदार ओट्यावर पान लावत बसला होता. आमचे बैल समोरच बांधलेले, आंबोण खात होते. मी सगळं सांगितलं.

"कचेरीची पायरी आमी चढत न्हाई, बाई," तो म्हणाला. "सौदा झाला, संपलं."

"मग मोटार परत घ्या न् बैल सोडा."

"काहून?"

"इंजिन कुठून आणलं म्हणून साहेब पुन्हा इचारल. मी तुमचं नाव सांगन. मंग पोलिसाचे जवान येतील तुमाला न्यायला. त्यापरीस आपल्या पायानं आलेलं बरं."

"धमकी देऊन राहिल्या का तुमी?"

"न्हाई मालक. दोन वाटा सांगून राहिले."

तो पान चघळत बसला. मी ओट्याखाली उभी होते. हा नाही म्हणाला असता तर माझ्याजवळ तिसरी वाट नव्हती. तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"जा की. बैल गेले तर पेरायला तुमालाच जुंपीन मी."

गडी हसले. जमीनदाराने पानाची पिंक टाकली आणि कधी यायचं ते विचारलं.

बाजाराच्या दिवशी तो पटका बांधून कचेरीत आला. साहेबाने विचारलं, हे इंजिन तुझंच कशावरून? जमीनदाराने मोटार इकडून तिकडून पाहिली. यांनी डोळेच मिटून घेतले. मग तो म्हणाला, आमच्या म्हशीनं एकदा खाली शिंग मारलंय, तेलाच्या भांड्याला पोचा हाय बघा. एक जवान मोटारीखाली आडवा झाला. पोचा होता. लोहाराने तोही ठोकून सरळ केला असता, पण त्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

साहेबाने जमीनदाराचा जबाब कचेरीच्या रिवाजाप्रमाणे उर्दूत लिहून घेतला आणि त्याचा अंगठा उठवला. यांना कयाधू नदीच्या उतारावर मोटार चालवून थांबवून दाखवायला लावली. ती थांबली. संध्याकाळी नंबर हातात पडला, आणि आम्ही सडकेने, आमच्याच मोटारीत बसून, बैलांशिवाय घरी आलो.

पण रान अजून तसंच होतं. प्रवासी मिळून, त्यांच्या पैशांतून बैल घेऊन पेरायचं म्हणजे पोळाच उजाडला असता. मी गावात सांगून टाकलं: जो एक दिवस बैल देईल, त्याच्या घरच्यांना हिंगोलीची एक खेप फुकट.

"मोटार काय सावडीला द्यायची चीज हाय?" हे चिडले.

"बैल व्हते तवा एकमेकांच्या रानात बैल जात व्हते सावडीला. आता ही जाईल."

पेरणी मृगातच उरकली. पहिल्या दिवशी ज्याचे बैल आले त्याची सासू त्याच सकाळी नवं लुगडं नेसून बाकावर येऊन बसली. हिंगोलीत तिचं काहीएक काम नव्हतं.